काकवीच्या बाटल्यांची स्वच्छता



मागच्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या घरी आम्ही काकवीची बाटली उघडली, तर बूच उडाले आणि फेस वर आला. त्यांचे म्हणणे, "साहेब, ऊस तर चांगला होता." ऊस चांगलाच होता, बाटली ओली भरली होती.

गुळाचा पाक ११८ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. काकवी १०५-१०६ अंशांवरच उतरवतात. म्हणून तिच्यात पाणी जास्त राहते. बाटलीतल्या थेंबांनी तेवढ्या जागी काकवी आणखी पातळ होते, तिथे यीस्ट वाढते, वायू धरतो आणि काकवी आंबते.

धुतलेली बाटली म्हणजे निर्जंतुक बाटली नव्हे. काचेची बाटली आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ब्रशने घासावी व तीनदा खळखळून घ्यावी. मग पातेल्याच्या तळाला फडके घालून बाटल्या गार पाण्यात बुडवाव्यात आणि उकळी फुटल्यावर १५ मिनिटे ठेवाव्यात. एकदम उकळत्या पाण्यात टाकल्यास काच तडकते. पत्र्याची झाकणे, नरसाळे, पळी हेही त्यातच उकळावे. नंतर स्वच्छ फडक्यावर उपड्या घालून पूर्ण वाळवाव्यात; आतून पुसू नयेत.

काकवी निवळल्यावर वरची भरावी, गाळ घेऊ नये.

फवारणीच्या औषधाची किंवा रॉकेलची बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. तिथे जिवाशी गाठ आहे. फसफसलेली काकवीही लेकराबाळांना देऊ नये.

गुऱ्हाळावर रात्रभर जागायचे आणि बाटलीपाशी घाई करायची, हे बरे नव्हे.

— ऊस विकास अधिकारी