बटण केबिनमध्ये, भार इंजिनरूममध्ये : बोटीवरच्या रिलेची गोष्ट

१ जूनला बंदी लागली की बोटी वर चढतात, जाळी विणायला निघतात, लाकडाला नि फायबरला रंग लागतो. वायरिंगकडे मात्र कोणी बघत नाही. दिवा लागला, पंप फिरला, सेल्फ लागला की झालं. मग बंदी उठून पहिल्याच फेरीला, किनारा दिसेनासा झाल्यावर, पंपाचं बटण दाबलं तर ते दाबलेलंच राहतं, नाहीतर बोटाला चटका बसतो. असं वितळलेलं काळं बटण आपल्यापैकी कितीतरी जणांनी हातात धरून पाहिलं असेल. दुकानदाराला शिव्या घालून आपण तसंच दुसरं आणतो. तेही वर्षभरात जळतं.

बटण दरवेळी हलकं असतं म्हणून जळतं असं नाही. त्याच्याकडून जे काम करून घेतो ते त्याचं नसतं.

हिशोब करून बघा. बारा व्होल्टचा पंप आठ अँपिअर खातो असं धरा. बॅटरी इंजिनरूममध्ये, बटण केबिनमध्ये आणि पंप पुन्हा खाली तळात. बॅटरीपासून बटणापर्यंत जाऊन खाली पंपाकडे यायला नि परत जायला मिळून सहज वीस मीटर वायर होते. वायर दीड स्क्वेअर एमएमची असेल तर पंप चालू असताना वायरमध्येच जवळजवळ पावणेदोन-दोन व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीचे बारा, पंपाला मिळतात दहा. पंप रडतखडत चालतो, पाणी कमी फेकतो, वायर कोमट होते, आणि बटणाच्या आत तांब्याच्या दोन इवल्याशा टिकल्यांवर सगळा भार येतो. प्रत्येक दाबाला तिथं ठिणगी पडते. खाऱ्या हवेने टिकल्या आधीच हिरव्या झालेल्या असतात. जळणार नाही तर काय होणार?

इथे रिले कामाला येतो. काडेपेटीएवढीच ती काळी डबी, पण आत काय चालतं ते एकदा समजून घेतलं की बोटीचं निम्मं वायरिंग कळतं. आत बारीक तारेचं एक रीळ असतं, त्याला कॉइल म्हणतात. कॉइलला बॅटरीचा करंट मिळाला की तिचं लोहचुंबक होतं आणि ते वरची लोखंडी पट्टी टक्कन खाली ओढतं. पट्टीबरोबर दोन जाड टिकल्या एकमेकींना टेकतात आणि त्यांतून पंपाचा करंट जातो. कॉइलला लागतो साधारण दीडशे मिलिअँपिअर, म्हणजे एक अँपिअरचा सहावा भागसुद्धा नाही. तेवढ्यावर तीस-चाळीस अँपिअरचं काम होतं. तांडेल नुसता हात हलवतो आणि जाळं ओढायला विंच लागतो, तसाच हा प्रकार.

आता रिले बॅटरीशेजारी बसवा. बॅटरीपासून रिले आणि रिलेपासून पंप ही वाट आखूड करा, त्यासाठी सहा स्क्वेअरची जाड वायर घ्या. जाऊन-येऊन आठ मीटर वायर धरली तर दोन व्होल्टचा तोटा उतरून पाव व्होल्टच्याही आत येतो. केबिनपर्यंत फक्त कॉइलची बारीक वायर जाते आणि बटणाला काहीच झळ लागत नाही. पंप किती जोमाने फिरतो ते कानालाच कळतं.

पायांवर आकडे छापलेले असतात, ते बहुतेक गाड्यांच्या रिलेवर सारखेच. ८५ आणि ८६ कॉइलचे. ३० वर बॅटरीची जाड वायर, फ्यूजमधून आलेली. ८७ वरून पंप किंवा दिवा. काही रिलेवर ८७-ए नावाचा पाचवा पाय असतो. रिले बंद असताना तो ३० ला जोडलेला असतो आणि चालू झाला की सुटतो. त्याची गरज नसेल तर तो मोकळा ठेवा, पण टेप गुंडाळून.

हे 'रिले' नाव कुठून आलं याची गंमत सांगायला हरकत नाही. लांबच्या टपालाच्या वाटेवर ठराविक टप्प्यावर ताजे घोडे ठेवायचे, थकलेला घोडा सोडून नवा घ्यायचा, त्या बदलाला हा शब्द होता. तारायंत्र आलं तेव्हा लांब तारेत करंट असाच थकायचा. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास दाखवून दिलं, की थकलेल्या करंटने नुसतं एक चुंबक हलवलं तरी ते पुढची ताजी बॅटरी जोडू शकतं. बोटीवर आपण तेच करतो, फक्त शेकडो मैलांऐवजी दहा मीटरमध्ये.

सुरतला हे नव्याने शिकवायला नको. उधना, लिंबायत, डिंडोलीत आपली कितीतरी मराठी घरं आहेत, नि त्यांतल्या कितीजणांचे हात मागावर चालतात. मागावर ताण्याचा एक धागा तुटला की त्यावर लटकलेली बारीक पट्टी खाली पडते, खालच्या दांड्याला टेकते, कमी व्होल्टचा करंट सुरू होतो आणि त्या इशाऱ्यावर माग थांबतो. पडलेली पट्टी म्हणजे स्विच. एवढासा करंट एवढा मोठा माग थांबवतो. घरातला एक भाऊ मागावर आणि दुसरा बोटीवर असेल तर वायरिंग उघडायच्या दिवशी मागावरच्याला बोलवा, नुसता चहा पाजून काम होईल.

बोटीवर त्या पट्टीची जागा फ्लोट स्विचला आहे. तळात पाणी चढलं की तरंगणारा भाग वर उचलतो आणि पंप आपोआप लागतो. माणूस झोपलेला असो वा बोटीवर कोणी नसो. पण हा स्विच बोटीच्या मेन कटआउटच्या पुढे जोडला तर कटआउट बंद करून घरी गेलात की तोही मेला. म्हणून फ्लोटची लाइन सरळ बॅटरीवरून, तिच्या स्वतःच्या फ्यूजमधून घ्यायची. पंप लहान असेल, तीन-चार अँपिअरचा, तर फ्लोटलाच थेट जोडा, रिलेची गरज नाही. उगाच एक भाग वाढवला की बिघडायला एक जागा वाढते. मोठ्या पंपाला मात्र रिले हवाच.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठ्यांपैकी. तापीच्या मुखाशी, मगदल्ला-हजीरा-डुमसकडे, उधाणाला पाणी पाच मीटरच्या वर चढ-उतार करतं. ओहोटीला बोट चिखलात बसते आणि एका अंगावर कलते. फ्लोट कडेला लावलेला असेल तर कललेल्या बाजूला दोन बोटं पाणी साचूनही तो उचललेला राहतो आणि पंप कोरडाच फिरत बसतो, सकाळपर्यंत बॅटरी खाली. किंवा उलट बाजूला कलली तर पाणी असूनही फ्लोट उठत नाही. फ्लोट मधोमध, सगळ्यात खोल जागी हवा. रिलेला मात्र तळात ठेवू नका. तो वर, कोरड्या जागी, पाय खाली करून, म्हणजे पाणी आत न साचता गळून जाईल.

सेल्फ मारताना कधी 'कट-कट-कट' असा आवाज येतो ना? सेल्फवर बसलेला सोलेनॉइड म्हणजे एक दणकट रिलेच. शंभर-दोनशे अँपिअर जोडतो. बॅटरी कमजोर असली की सोलेनॉइड ओढतो, सेल्फचा भार पडतो, व्होल्टेज कोसळतं, चुंबकाची पकड सुटते, भार गेला की व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. सेकंदात पाच-सहा वेळा. तो आवाज ऐकून सेल्फ उघडू नका, आधी बॅटरी आणि तिच्या लगवरचा पांढरा-हिरवा गंज बघा. गंजलेल्या लगमुळे चांगली बॅटरीसुद्धा अशीच वागते.

याच कोसळण्याने जीपीएस आणि वायरलेस सेल्फ मारताना बंद होऊन परत चालू होतात. पालघरला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्या ट्रान्सपॉन्डर योजनेची सुरुवात झाली, तो ट्रान्सपॉन्डर किंवा दुसरं कुठलंही संदेशाचं यंत्र बसवताना त्याची वीज सेल्फच्या बॅटरीवरून काढू द्यायची का, हे बसवणाऱ्याला विचारा. दोन बॅटऱ्या असतील तर मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले मिळतो. इंजिन चार्ज करत असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद पडलं की त्यांना वेगळं करतो. मग रात्रभर दिवे जाळले तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. पैसे जातात थोडे, पण आमच्या मते हा खर्च फायद्याचा.

सामान घेताना एवढं बघा. घरातल्या लाइटचं बटण बोटीला लावू नका, स्वस्त पडलं तरी. घरची वीज सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून बटण उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते आणि टिकल्या खाते. चोवीस व्होल्टच्या बोटीत तर फारच. स्विच आणि रिलेवर एसी-डीसी दोन्ही आकडे छापलेले असतात, आपल्याला डीसीचा आकडा लागू. बोट चोवीसची असेल तर रिलेही चोवीसचाच. बाराचा लावला तर कॉइल जळेल.

फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात, वायरला झेपेल त्याच मापाचा. फ्यूज उडाला म्हणून त्यात तांब्याची तार पिळून बसवणारे महाभाग आपल्यात आहेत. मग पुढचा फ्यूज म्हणजे तुमची बोट.

रिले खराब होतो तेव्हा दोन तऱ्हेने होतो. एक, ओढतच नाही. दुसरी तऱ्हा वाईट : टिकल्या वितळून चिकटतात आणि बटण बंद केलं तरी चालूच राहतो. सेल्फचा सोलेनॉइड असा चिकटला तर इंजिन लागल्यावरही सेल्फ फिरत राहतो, वायरी लाल होतात. किल्ली काढून काही होत नाही. अशा वेळी हाताशी असावा लागतो तो मेन कटआउट. तो बॅटरीच्या डब्यामागे, जाळ्यांच्या ढिगाखाली असेल तर उपयोग शून्य. इंजिन चालू असताना कटआउट ओढला तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात, हेही खरं. पण आग लागण्यापेक्षा डायोड गेलेले परवडले.

शेवटी गॅसचं. बोटीवर स्वयंपाकाचा सिलिंडर असतो. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा तळाकडे उतरतो, जिथं आपला फ्लोट आणि पंप आहे. आणि तिथे बटण दाबायला माणूस लागतच नाही, पाणी चढलं की स्विच आपोआप ठिणगी टाकतो. म्हणून सिलिंडर डेकवर, उघड्यावर. फ्लोट स्विच बंदिस्त, सील केलेला घ्या. रिले तळापासून दूर ठेवायचं आणखी एक कारण हेच. वास आला तर दिवा लावू नका आणि लावलेला असेल तर विझवूही नका, बंद करतानाही ठिणगी पडते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळी झाकणं उघडा, तळातली हवा मोकळी होऊ द्या, माणसं डेकवर घ्या. पंप चालवायचा तो वास पूर्ण गेल्यावरच.