पाळी जाताना येणारं पहिलं नैराश्य
पंचेचाळिशीच्या आसपास पाळी मागेपुढे होऊ लागते आणि आजवर खंबीर असलेली बाई अचानक खचते. घरचे म्हणतात, वयाचा परिणाम. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांवर १९९६पासून चाललेल्या एका दीर्घ अभ्यासाने मात्र त्यांच्या बालपणाचीही चौकशी केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवडिलांची ताटातूट अशा आघातांची नोंद घेतली. २०१७मध्ये निष्कर्ष आले. किशोरवयात, म्हणजे वयात आल्यानंतर, असे दोन किंवा अधिक आघात सोसलेल्या स्त्रियांना रजोनिवृत्तीच्या काळात आयुष्यातलं पहिलं नैराश्य येण्याची शक्यता, असं काही न सोसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती.

मधली अनेक वर्षं त्या ठीक होत्या, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सततच्या भीतीने मेंदूची ताण हाताळण्याची यंत्रणा बदलते. इस्ट्रोजेन मेंदूतल्या सेरोटोनिनला आधार देतं. ते खालीवर होऊ लागलं की जुनी दुखापत उघडी पडत असावी, असं संशोधक मानतात.

उपासमारीचाही ठसा उरतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. तेव्हा बालपणी तीव्र उपासमार सोसलेल्या मुलींची पाळी पुढे सरासरीने लवकर गेली.

बालपणीच्या आघातांमुळे या वयात नैराश्य येणं ही शक्यता आहे, विधिलिखित नव्हे. पण तपासणीत डॉक्टरांनी ‘लहानपण कसं गेलं?’ हे हळुवारपणे विचारायलाच हवं. या वयातल्या नैराश्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही उपयोगी पडतात, काहींना हार्मोन्सचीही मदत होते.