संकलक : गती आणि शुद्धता

इ. स. १८७० मध्ये कलकत्ता व मुंबई या दोन्ही दिशांनी आलेले लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. जबलपूरहून मुंबईकडे निघालेला प्रवासी इटारसीस पोहोचतो. भोपाळकडून येणारा मार्गही तेथेच येऊन मिळतो. संगणकशास्त्रातील एका सूक्ष्म प्रश्नाचे आकलन होण्यास हे जंक्शन उपयोगी पडण्यासारखे आहे.

प्रोग्रामर मनुष्यास वाचता येईल अशा भाषेत आज्ञावली लिहितो. यंत्रास मात्र केवळ अंकरूप आज्ञाच कळतात. पहिलीचे दुसरीत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे संकलक, अर्थात कंपायलर. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी १९५७ साली आयबीएममध्ये सिद्ध केलेल्या फोरट्रानच्या संकलकापासूनच त्याच्याकडून दुहेरी अपेक्षा केली जाते : मूळ अर्थ अबाधित राहावा आणि यंत्राचा वेळ वाचावा. संकलकाची दुरुस्ती कधीच का संपत नाही, याचे एक प्रमुख कारण या दोन अपेक्षांमधील ताणात आहे.

अशी कल्पना करू की, जबलपूरच्या प्रवाशांची तिकिटे तेथेच तपासली जातात आणि इटारसीस सर्वांची पुन्हा तपासणी होते. जबलपूरकरांपुरती ही दुसरी तपासणी निरर्थक, भोपाळकडून येणाऱ्यांसाठी मात्र आवश्यक ठरते. आज्ञावलीतील अशा गणितास 'अंशतः अनावश्यक' म्हणतात. भोपाळच्या प्रवाशांची तपासणी आधीच उरकली, तर इटारसीची तपासणी रद्द करता येते. अशी गणिते हुडकून काढण्याची सर्वसाधारण रीत मोरेल व रेनव्हाझ यांनी १९७९ साली मांडली.

या रीतीत एक उणीव होती. नवे गणित केवळ स्थानकावरच ठेवता येई. तपासणी भोपाळ स्थानकात ठेवावी, तर उज्जैनकडे जाणारेही विनाकारण तपासले जातात. म्हणून अशा ठिकाणी सुधारणाच सोडून द्यावी लागे. मुंबईच्या आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत गणित दोन स्थानकांमधील मार्गावर, म्हणजे भोपाळ-इटारसी या टप्प्यातच, ठेवण्याची मुभा दिली. पुढे १९९२ साली क्नूप, रुथिंग व स्टेफेन यांनी असे दाखविले की, गणित शक्य तितके उशिरा करावे. अन्यथा त्याचे उत्तर यंत्राच्या मोजक्या रजिस्टरांपैकी एक विनाकारण अडवून ठेवते. या विचारावर आधारलेली रीत पुढे जीसीसी या मुक्त संकलकातही स्वीकारली गेली.

तथापि प्रत्येक सुधारणा नव्या दोषास वाट करून देऊ शकते. हलविलेले गणित भागाकाराचे असेल आणि पूर्वी जेथे तो होतच नव्हता अशा वाटेवर तो गेला, तर भाजक शून्य असताना निर्दोष आज्ञावलीही कोसळते. त्याहून घातक दोष म्हणजे आज्ञावली न थांबता चुकीचे उत्तर देणे. अशा वेळी प्रोग्रामर स्वतःच्याच तर्कात चूक शोधीत राहतो. संकलकावर त्याचा संशय सहसा जात नाही.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सीस्मिथ या साधनाद्वारे यादृच्छिक आज्ञावल्या निर्माण करून विविध संकलक तपासले. त्यांच्या २०११ च्या निबंधानुसार तोवर ३२५ हून अधिक दोष उघडकीस आले होते. फ्रान्समध्ये झाव्हिए लरवा यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या कॉम्पसर्ट या संकलकाच्या ज्या भागांची शुद्धता गणिती सिद्धतेने प्रस्थापित झाली होती, त्या मधल्या भागांत मात्र चुकीची यंत्रसंहिता निर्माण करणारा एकही दोष या चाचणीत सापडला नाही. सर्वच संकलकांसाठी अशी सिद्धता देणे अतिशय कष्टाचे असल्याने इतरत्र दुसरा मार्ग अवलंबिला जातो : सापडलेल्या दोषाचे लहानात लहान उदाहरण तयार करणे, दुरुस्तीनंतर ते चाचणीसंग्रहात कायम ठेवणे आणि पुढील प्रत्येक बदलानंतर संपूर्ण संग्रह पुन्हा चालविणे. एकदा घालविलेला दोष नकळत परत येऊ नये, हा त्यामागील हेतू होय. नव्या आवृत्तीच्या टिपणात एका ओळीत नोंदविलेल्या दुरुस्तीमागे बहुधा असे एखादे चिमुकले उदाहरण उभे असते.