मतदानवय

नागरिकास निवडणुकीत मत देण्याचा हक्क ज्या किमान वयापासून प्राप्त होतो, ते वय. भारतात ते १८ वर्षे असून १९८९ पूर्वी २१ वर्षे होते.

ब्रिटिश अमदानीत मताधिकार वयाबरोबरच मालमत्ता, कर, शिक्षण इत्यादींवर अवलंबून असे. २१ वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांस मताधिकार असावा, अशी शिफारस नेहरू अहवालाने १९२८ मध्ये केली. हेच तत्त्व पुढे भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात आले. तथापि १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमानुसार व्यक्ती सामान्यतः १८ व्या वर्षी सज्ञान होत असल्याने, करार करण्यास पात्र असलेली व्यक्ती मतदानास मात्र आणखी तीन वर्षे अपात्र राही.

या विसंगतीची झळ उल्हासनगरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. पहिल्या मतदारयाद्यांसाठी असलेली वास्तव्याची अट निर्वासितांना पुरी करता येण्याजोगी नव्हती. म्हणून कायम राहण्याचा इरादा जाहीर करणाऱ्यांची नावे नोंदण्याच्या सूचना संविधानसभेच्या सचिवालयाने १९४८ मध्ये दिल्या. वास्तव्याची अट अशी सैल झाली; वयाची झाली नाही. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, जन्मलेल्या निर्वासितांच्या अपत्यांना १९६७ च्या निवडणुकीत १८ वर्षे पूर्ण होऊनही मत देता आले नाही. लोकसभेसाठी त्यांना प्रथम मतदान करता आले ते १९७१ मध्ये.

ग्रेट ब्रिटनने १९६९ मध्ये व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९७१ मध्ये मतदानवय १८ केले. भारतातही काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी हीच मर्यादा ठरविली होती. भारतात संविधानदुरुस्तीसाठी सार्वमताची तरतूद नाही. त्यामुळे हा निर्णय संसदेने घेतला. एकसष्टाव्या दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर १९८८ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि निम्म्याहून अधिक राज्यविधिमंडळांच्या अनुसमर्थनानंतर २८ मार्च १९८९ रोजी अंमलात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत १८ ते २० वयाच्या नागरिकांनी प्रथमच मतदान केले. लोकसभेच्या व विधानसभेच्या उमेदवारासाठी २५ वर्षांची अट मात्र कायम राहिली.

वय पूर्ण झाले, तरी मतदारयादीत नाव असल्याखेरीज मत देता येत नाही. वयाची गणना पूर्वी केवळ १ जानेवारी या दिनांकास होई. त्यामुळे २ जानेवारीस १८ वर्षे पूर्ण करणाऱ्यास नोंदणीसाठी जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर हे दिनांकही ग्राह्य धरले जातात.