गोदीतले मृत्यू : नौदल सेवेतील अपघातांचा मागोवा

नौदलाचा इतिहास बहुधा लढायांच्या क्रमाने लिहिला जातो, आणि त्यामुळे नौसैनिकाचा मृत्यू म्हणजे शत्रूच्या तोफेने, पाणतीराने किंवा क्षेपणास्त्राने आलेला मृत्यू, अशी समजूत रूढ झाली आहे. उपलब्ध नोंदी या समजुतीला दुजोरा देत नाहीत. ब्रिटिश इतिहासकार मायकल लुईस यांनी १७९३ ते १८१५ या फ्रान्सविरुद्धच्या युद्धकाळातील ब्रिटिश नौदलाच्या प्राणहानीचा अंदाज मांडला, तेव्हा एक लाखाहून अधिक मृत्यूंपैकी शत्रूच्या हातून झालेल्यांचे प्रमाण जेमतेम सहा टक्के भरले. सुमारे बारा टक्के खलाशी जहाज फुटून, बुडून किंवा जळून गेले, आणि उरलेले रोगराईने अथवा डोलकाठीवरून कोसळणे, लाटेबरोबर वाहून जाणे अशा वैयक्तिक अपघातांनी दगावले. ज्या काळात ट्रफाल्गरसारख्या लढाया झाल्या, त्याच काळातली ही आकडेवारी आहे.

पुढे आहारात लिंबाच्या रसाचा समावेश झाला, देवीची लस आली, जहाजांवरील स्वच्छता सुधारली आणि रोगांचा वाटा घटत गेला. अपघातांचे स्वरूप मात्र जहाजाच्या रचनेबरोबर बदलत राहिले. शिडाच्या जहाजाला वादळ आणि खडक यांचे भय होते. वाफेची यंत्रे, बंदुकीच्या दारूची जागा घेणारे कॉर्डाइट, खनिज तेल, विद्युतघट आणि दाबाखाली साठवलेले वायू आल्यानंतर धोका जहाजाच्या पोटातच वस्तीला आला. या बदलाबरोबर आणखी एक गोष्ट नोंदींतून पुन्हा पुन्हा समोर येते : मोठ्या अपघातांपैकी पुष्कळसे भर समुद्रात घडलेले नसून बंदरात, नांगरावर किंवा दुरुस्तीच्या गोदीत घडलेले आहेत. ‘रॉयल जॉर्ज’ ही ब्रिटिश युद्धनौका २९ ऑगस्ट १७८२ रोजी स्पिटहेडच्या शांत पाण्यात नांगरलेली असताना, तळाच्या डागडुजीसाठी मुद्दाम एका बाजूस कलती केली होती. त्या स्थितीत खालच्या तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि नौकेवर भेटीला आलेल्या स्त्रिया व मुले यांच्यासह आठशेहून अधिक माणसे बुडाली. पहिल्या महायुद्धात ‘बुलवर्क’ (१९१४) आणि ‘व्हॅनगार्ड’ (१९१७) या दोन युद्धनौका स्वतःच्याच दारूगोळ्याच्या स्फोटाने नष्ट झाल्या, त्याही आपल्याच बंदरात उभ्या असताना.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा अनुभव या जागतिक अनुभवाशी जुळतो. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत ज्या आरमाराचा पाया घातला, त्याचा पुढचा विस्तार आंग्रे घराण्याने केला. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची तोफा वाहणारी गुराबे आणि वल्ह्यांवरही चालणारी हलकी गलबते ही त्या आरमाराची मुख्य अंगे होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांलगत उभी होती. इंग्रजांच्या तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ या पूर्वी जिंकून आणलेल्या जहाजाला आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर पसरली आणि काही तासांत जवळपास सगळे आरमार जळून गेले. पहिली ठिणगी शत्रूची होती हे खरे. परंतु डांबर, दोरखंड, शिडे आणि दारू यांनी भरलेली लाकडी जहाजे दाटीने बांधून ठेवलेली नसती, तर एका जहाजाची आग आरमाराचा शेवट ठरली नसती.

अशाच दाटीचे विसाव्या शतकातले सर्वांत भीषण रूप मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. ‘फोर्ट स्टिकिन’ हे युद्धकाळातील मालवाहू जहाज होते, नौदलाची लढाऊ नौका नव्हे. तरीही युद्धसामग्रीच्या वाहतुकीत त्याचा समावेश असल्याने या मागोव्यात त्याला जागा द्यावी लागते. सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा, त्याच्या जोडीला कराचीत चढवलेल्या हजारो कापूसगाठी, तेल, लाकूड व सोन्याच्या विटा असा माल त्यावर होता. दाबून बांधलेल्या गाठीत शिरलेली आग बाहेरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते, ही गोष्ट खामगावसारख्या वऱ्हाडातील कापूसपेठेतल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना सांगावी लागली नसती. दुपारी लक्षात आलेली आग विझवण्याचे प्रयत्न चालू असतानाच चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत सुमारे आठशेपासून तेराशेपर्यंत दिली जाते; त्यांत आग विझवण्यास गेलेले ६६ अग्निशामक होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

स्वातंत्र्योत्तर भारतीय नौदलाची युद्धातील सर्वांत मोठी हानी म्हणजे ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेली ‘खुकरी’, जिच्यावरील १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारताची एकही युद्धनौका शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली नाही. या दीर्घ शांततेच्या काळात नौसैनिकांचे जे मृत्यू झाले, त्यांपैकी अनेक मुंबईच्या नौदल गोदीत किंवा तिच्या आसपासच्या पाण्यात झाले, आणि २०१० नंतरच्या काळात ते विशेष ठळकपणे लोकांसमोर आले.

या मालिकेतील सर्वांत मोठी घटना ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीची आहे. डिझेलवर आणि विद्युतघटांवर चालणारी ही रशियन बनावटीची पाणबुडी १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली होती. अशा पाणबुड्यांमध्ये पाण्याखाली चालण्यासाठी शिसे व आम्ल वापरणाऱ्या विद्युतघटांच्या मोठ्या रांगा असतात. त्या भारित होताना हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण वाढले की एखादी लहान ठिणगीही स्फोटास पुरते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे याच पाणबुडीच्या विद्युतघट कक्षात आग लागून एका नौसैनिकाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर रशियात तिचे आधुनिकीकरण झाले, ती २०१३ मध्ये मुंबईत परतली, आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर, मोहिमेवर निघण्याच्या तयारीत शस्त्रास्त्रांनी सज्ज असताना, तिच्या पुढच्या भागात स्फोट होऊन ती धक्क्याशीच बुडाली. आतील १८ जणांपैकी, म्हणजे तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिकांपैकी, एकही वाचला नाही. पाणबुडीचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यास जून २०१४ उजाडला. ऑगस्ट २००० मध्ये बॅरेंट्स समुद्रात ११८ जणांसह गमावलेल्या रशियाच्या ‘कुर्स्क’ पाणबुडीतही आरंभ पुढच्या पाणतीर कक्षातील स्फोटाने झाला होता. बंदिस्त नळकांड्यासारख्या पात्रात इंधन, स्फोटके आणि माणसे एकत्र असल्याने पहिल्या स्फोटानंतर दुसरा टाळण्यास अवधीच उरत नाही.

‘सिंधुरक्षक’च्या दुर्घटनेनंतर सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, दुरुस्तीनंतरच्या चाचण्यांसाठी मुंबईजवळच्या समुद्रात गेलेल्या ‘सिंधुरत्न’ पाणबुडीच्या विद्युतघट कक्षाकडील भागात धूर झाला आणि दोन अधिकारी आतच अडकून मृत्यू पावले. आग लागलेला कक्ष दारे बंद करून उरलेल्या पाणबुडीपासून तोडणे हा पाणबुडीवरील मूलभूत नियम आहे; सगळ्यांना वाचवणारा हा नियम आत राहिलेल्यांसाठी प्राणघातक ठरतो. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी गेल्या काही महिन्यांतील अपघातांची नैतिक जबाबदारी स्वीकारून पदाचा राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या, परंतु तोवर नौदलाच्या स्वाधीन न झालेल्या ‘कोलकाता’ या विनाशिकेवर यंत्रचाचणीच्या वेळी कार्बन डायऑक्साइडची गळती होऊन एका अधिकाऱ्याचा जीव गेला. हा वायू आगीचा प्राणवायू तोडण्यासाठी यंत्रकक्षात साठवलेला असतो. बंद जागेत तो सुटला तर माणसाचाही प्राणवायू तोडतो, म्हणजे एका अपघातापासून वाचवणारे साधन दुसऱ्याचे कारण होते.

‘रॉयल जॉर्ज’ची आठवण करून देणारी घटना ५ डिसेंबर २०१६ रोजी घडली. सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या खोल हौदात, नौका ठोकळ्यांच्या आधारावर उभी करून तिचा तळ दुरुस्त करतात. काम झाल्यावर गोदीत पाणी सोडले की नौका हळूहळू तरंगू लागते, आणि आधार सुटून तरंग धरेपर्यंतचा तो थोडा वेळ तोलाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. ‘बेतवा’ ही फ्रिगेट नेमकी याच वेळी कलंडली, तिचा डोलखांब गोदीच्या कडेवर आदळला, दोन नौसैनिक ठार झाले आणि अनेक जखमी झाले. १८ जानेवारी २०२२ रोजी ‘रणवीर’ विनाशिकेच्या अंतर्गत कक्षात स्फोट होऊन तिघांचा, तर २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्ती चालू असलेल्या ‘ब्रह्मपुत्र’ फ्रिगेटवरील आगीनंतर एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जणांचा बळी घेणाऱ्या त्या अपघातात बहुसंख्य मृत सामान्य प्रवासी होते.

या घटना एकत्र ठेवल्या की त्यांतील समान धागा दिसतो. शस्त्रे चढवणे, दुरुस्ती, गोदीतून बाहेर काढणे, नव्या यंत्राची चाचणी या सगळ्या अवस्था एका स्थिर स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याच्या आहेत, आणि युद्धनौकेची सुरक्षाव्यवस्था मुख्यतः समुद्रावर चालणाऱ्या, पूर्ण सज्ज नौकेसाठी आखलेली असते. दुरुस्तीत दारांमधून तात्पुरत्या केबली आणि नळ्या गेलेल्या असल्याने जलरोधक दारे बंद करता येत नाहीत, अग्निशमन यंत्रणेचा काही भाग बंद असतो, कापण्या-जोडण्याच्या कामाच्या ठिणग्या उडत असतात, आणि नौदलाचे कर्मचारी व गोदीचे कामगार यांच्यात जबाबदारी विभागलेली असते. ‘विंध्यगिरी’ फ्रिगेटची गोष्ट उलट दिशेने हेच दाखवते : ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन ती पेटली आणि दुसऱ्या दिवशी धक्क्याशी बुडाली, तरी त्या चालत्या नौकेवर जीवितहानी झाली नाही.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या नौका व पाणबुड्यांचे ३८ अपघात नोंदवले आणि सुरक्षेची स्वतंत्र संस्थात्मक चौकट नौदलात नव्हती, असा निष्कर्ष काढला. त्यासाठी २०१४ मध्ये स्थापलेल्या संघटनेला अहवालाच्या वेळेपर्यंत शासनाची मंजुरी मिळालेली नव्हती. याउलट अमेरिकेत एप्रिल १९६३ मध्ये ‘थ्रेशर’ पाणबुडी १२९ जणांसह बुडाल्यावर त्याच वर्षी प्रत्येक जोड, झडप आणि नळी तपासून प्रमाणित करण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्या पद्धतीने प्रमाणित झालेली एकही अमेरिकी पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही.

मृत्यू गोदीत झाला की रणात, याचे परिणाम मृताच्या घरापर्यंत पोहोचतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातून संरक्षण दलांत जाणाऱ्या तरुणांच्या कुटुंबांना हा फरक शासकीय कागदांतून कळतो. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने सेवेतील मृत्यूंचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग पाडले. कर्तव्यावर असताना समुद्रात झालेले अपघात ‘सी’ वर्गात येतात आणि त्यांच्या कुटुंबाला अखेरच्या वेतनाच्या साठ टक्के इतके विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, तर शत्रूच्या कारवाईतील मृत्यूसाठी उदारीकृत निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतके असते. २०१६ पासूनच्या सानुग्रह अनुदानातही कर्तव्यावरील अपघातासाठी २५ लाख, अतिउंचावरील दुर्गम चौकीवर नैसर्गिक आपत्तीने किंवा तीव्र हवामानाने झालेल्या मृत्यूसाठी ३५ लाख आणि युद्धातील मृत्यूसाठी ४५ लाख रुपये अशा पायऱ्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील, अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या एका अग्निवीराचा सियाचिन येथे कर्तव्यावर मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीच्या प्रश्नावर देशभर वाद झाला आणि लष्कराला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान अशी बाबवार माहिती जाहीर करावी लागली. तो भूदलाचा जवान होता. पण अग्निपथ योजना नौदलासही लागू असल्याने, ओडिशातील ‘चिल्का’ येथे प्रशिक्षण घेऊन नौकेवर जाणाऱ्या तरुणाचे घर त्याच नियमांखाली येते.

या वर्गवारीमागे जो तर्क आहे, तो युद्धातील जोखीम ही नेहमीच्या कामातील जोखमीपेक्षा मोठी असते, असा आहे. १९७१ नंतरच्या नौदलाचा अनुभव या तर्काला आधार देत नाही, कारण या काळात गोदीतील आणि चाचण्यांच्या दैनंदिन कामातच अनेक माणसे गमावली आहेत. प्रत्येक अपघातानंतर चौकशी मंडळ नेमले जाते, परंतु त्याचा पूर्ण अहवाल प्रकाशित होत नाही. परिणामी एका नौकेवर मिळालेला धडा गोदीचे कामगार, बंदराचे अधिकारी आणि प्रवासी बोटींचे चालक यांच्यापर्यंत पद्धतशीरपणे जात नाही. ‘नीलकमल’च्या अपघातात चाचणीचे पाणी आणि प्रवासी मार्ग एकमेकांत मिसळले होते. आता अशा अपघातांची झळ नौदलाबाहेरच्या माणसांनाही बसत असल्याने, गोपनीय शस्त्रतपशील वगळून चौकशीचे निष्कर्ष खुले करणे हा सुरक्षेचाच भाग मानावा लागेल.