जळू कुणाची कोण?

बालदोस्तांनो, गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, आणि जळू म्हटली की अंगावर काटा! पण सांगा बरं, या दोघांचं नातं काय? दचकू नका, ते चक्क भाऊबंद आहेत!

दोघांचंही शरीर एकामागे एक जोडलेल्या खंडांचं. म्हणून दोघं 'ॲनेलिडा', म्हणजे वलयांकित प्राण्यांच्या संघातले. समुद्रातला नेरीसही त्यांचाच. गांडुळाला सहसा १००हून जास्त खंड असतात. जळूच्या अंगावरही खूप वळ्या दिसतात, पण फसू नका! तिच्या एकेका खंडावर अनेक वळ्या असतात. खरे खंड ३०हून थोडेसेच जास्त.

गांडुळाला चालायला बारीक दृढरोम, तर जळूला दोन्ही टोकांना चूषक. म्हणून पूर्वी शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्ग वेगळे केले होते. पुढे डीएनए तपासला, तेव्हा कळलं की जळवा गांडुळांच्याच वंशातून आल्या! एक खूण तर अंगावरच होती. अंड्यांचा कोश बनवणारा जाडसर पट्टा दोघांनाही असतो, नेरीसला नसतो.

म्हणजे वर्गीकरण करताना नुसतं रूप पाहून भागत नाही, नातं शोधावं लागतं.

आणि गंमत ऐका, काही जळवा रक्त पीतच नाहीत, त्या चक्क गांडुळं गिळतात. यालाच म्हणायचं भाऊबंदकी!