जॉर्ज फोरमनच्या दोन कारकिर्दी

८१ व्यावसायिक लढती, ७६ विजय, त्यांतले ६८ नॉकआउटने, ५ पराभव. जॉर्ज फोरमनचा हिशेब एका ओळीत मांडला तर तो असा दिसतो. ही ओळ एकाच मुष्टियोद्ध्याची आहे, हे मला कधी पटलेलं नाही. १९६९ ते १९७७ या काळात लढलेला फोरमन आणि १९८७ ते १९९७ या काळात लढलेला फोरमन यांच्यात सारखा होता तो फक्त उजव्या हाताचा ठोसा. दम, पवित्रा, स्वभाव, सगळं बदललेलं होतं. मधली दहा वर्षं तो रिंगमध्ये उतरलाच नाही. २१ मार्च २०२५ रोजी, ७६व्या वर्षी तो गेला. या दोन कारकिर्दी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणून हा लेख.

फिफ्थ वॉर्ड ते मेक्सिको

जन्म १० जानेवारी १९४९, टेक्सासमधल्या मार्शल या गावी. बालपण गेलं ते ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात, कृष्णवर्णीय गरिबांच्या वस्तीत. सात भावंडं, अर्धपोटी दिवस. शाळा सुटली आणि हा धिप्पाड मुलगा रस्त्यावर लोकांना लुबाडू लागला. हे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. त्याला बाहेर काढलं ते ‘जॉब कोअर’ने. अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात गरीब तरुणांना हाताला काम शिकवण्यासाठी सुरू झालेली ही सरकारी योजना. तिच्या कॅलिफोर्नियातल्या केंद्रात डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकाने त्याची मारामारीची खुमखुमी बॉक्सिंगकडे वळवली.

त्यानंतर जेमतेम दोन वर्षांत, ऑक्टोबर १९६८ मध्ये, मेक्सिको ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत त्याने सोव्हिएत संघाच्या योनास चेपुलिसला दुसऱ्या फेरीतच थोपवलं आणि सुवर्णपदक जिंकलं. जिंकल्यावर त्याने अमेरिकेचा छोटासा झेंडा हातात धरून चारी दिशांना अभिवादन केलं. त्याच स्पर्धेत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णभेदाच्या निषेधार्थ मूठ उंचावली होती. साहजिकच तो झेंडा अनेक कृष्णवर्णीयांना बोचला. १९ वर्षांच्या मुलाला आपल्याला फुकट जेवण आणि वळण देणाऱ्या देशाचे आभार मानायचे होते, एवढंच मला त्यात दिसतं.

हेवीवेटचा खेळ कसा चालतो

बॉक्सिंगमधल्या बाकी सगळ्या गटांना वजनाची कमाल मर्यादा असते, हेवीवेटला नसते. फोरमन व्यवसायात उतरला तेव्हा १७५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ७९ किलोंच्या वरचा कुणीही हेवीवेट ठरे. आज ही सीमा २०० पौंडांवर, ९० किलोंच्या थोडी पुढे आहे. फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्या काळी जागतिक विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लढतीनंतर दगावला आणि त्यापुढे ती हळूहळू १२ फेऱ्यांवर आली. नॉकआउट झाला नाही, तर रिंगलगतच्या तीन परीक्षकांचे गुण निकाल ठरवतात. जिंकलेल्या फेरीला साधारणपणे १०, हरलेल्या फेरीला ९.

विजेतेपदाचा पट्टा देणाऱ्या संघटना एकाहून अधिक आहेत, आणि पट्टा टिकवायचा तर ती संघटना सांगेल त्या आव्हानवीराशी लढावं लागतं. फोरमनला हा नियम दोनदा नडला.

किंग्स्टनच्या दोन फेऱ्या

२३ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने व्यावसायिक पदार्पण केलं. पुढच्या साडेतीन वर्षांत ३७ लढती, ३७ विजय. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याच्यासमोर होता विश्वविजेता जो फ्रेझर. मुहम्मद अलीला पहिल्यांदा हरवणारा, तोवर अजिंक्य. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा खाली पडला आणि रेफरीने लढत थांबवली.

त्या लढतीचं चित्रण पाहताना मी ठोशांपेक्षा फोरमनच्या पायांकडे पाहत राहतो. तो धावत नाही. प्रतिस्पर्धी ज्या बाजूला सरकणार, त्या बाजूला आधीच एक आडवं पाऊल टाकून वाट अडवतो. रिंगचा चौक पाहता पाहता अर्धा होतो. जवळ येणाऱ्याला दोन्ही तळव्यांनी ढकलून बरोबर हाताच्या अंतरावर ठेवतो आणि मग खालून वर येणारा ठोसा मारतो, त्यात टाचेपासून कमरेपर्यंतचा सगळा भार असतो. मार्च १९७४ मध्ये कराकासला केन नॉर्टनचंही तेच झालं, दोन फेऱ्यांत खेळ संपला. नॉर्टनने वर्षभरापूर्वी अलीचा जबडा मोडला होता. अलीला हरवणाऱ्या दोघांनाही फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांच्या आत गुंडाळलं होतं.

किंशासा

३० ऑक्टोबर १९७४, झाईरची राजधानी किंशासा, पहाटे चारची वेळ. डॉन किंगने जुळवलेली आणि अध्यक्ष मोबुटू यांच्या सरकारने पैसा पुरवलेली ही फोरमन-अली लढत. दोघांना प्रत्येकी ५० लाख डॉलर. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढतींत अपराजित. अली ३२ वर्षांचा. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाल्याने लढत पाच आठवडे पुढे गेली होती. त्या काळात अली लोकांत मिसळला. फोरमनसोबत होता त्याचा जर्मन शेफर्ड, आणि बेल्जियन राजवटीत पोलिसांचे कुत्रे अनुभवलेल्या लोकांना तो कुत्रा कशाची आठवण करून देत असेल, हे फोरमनच्या ध्यानातही आलं नाही. स्टेडियम अलीच्या नावाने गर्जत होतं.

दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना टेकला. मान मागे, कोपर आवळून पोटाशी, ग्लोव्हज गालांशी. ठोसे येत राहिले, पण पडत होते ते दंडांवर आणि हातांवर. फोरमन पराभवाकडे ओढला जातोय हे कळायला एक आकडा पुरेसा आहे: त्याआधीच्या सलग आठ लढती दुसऱ्या फेरीच्या पुढे गेल्याच नव्हत्या. लांब लढतीत दम कसा राखायचा, हे तो विसरला होता. त्यात आफ्रिकेतली दमट हवा, आणि हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो. आठव्या फेरीच्या अखेरच्या क्षणी अलीच्या डाव्या-उजव्या ठोशांनी तो गिरकी घेत कोसळला.

पुढे कित्येक वर्षं त्याने कारणं दिली. दोर सैल होते, पाण्याला औषधाची चव होती. नंतर ती सगळी सोडली आणि अली सरस होता, असं साधेपणाने मान्य केलं. १९९७ मध्ये याच लढतीवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा कंपवाताने थकलेल्या अलीला मंचाच्या पायऱ्या चढवायला हात दिला तो फोरमनने.

दहा वर्षं

पराभवानंतर तो सैरभैर झाला. एप्रिल १९७५ मध्ये टोरोंटोत एकाच रात्री पाच जणांशी प्रदर्शनी लढती केल्या. रिंगबाहेर समालोचनाला बसलेला अली त्याला डिवचत होता. पुढच्या जानेवारीत रॉन लायलशी झालेल्या लढतीत दोघेही एकमेकांच्या ठोशांनी आडवे झाले, पाचव्या फेरीत फोरमन जिंकला. मग १७ मार्च १९७७, पोर्टो रिकोतलं सान हुआन. चपळ जिमी यंगने उकाड्यात त्याला १२ फेऱ्या खेळवलं, शेवटच्या फेरीत पाडलं आणि गुणांवर हरवलं. ड्रेसिंग रूममध्ये आपण मरणाच्या दारात गेलो आणि देवाने परत आणलं, असा अनुभव फोरमनने सांगितला. त्या रात्रीनंतर त्याने बॉक्सिंग सोडलं.

ह्यूस्टनच्या रस्त्यांवर उभं राहून त्याने उपदेश केला, छोटं चर्च उभारलं, १९८४ मध्ये मुलांसाठी युवा केंद्र काढलं. केंद्र चालवायला पैसा लागतो, आणि तो मिळवायची त्याला माहीत असलेली वाट एकच होती.

दुसरा फोरमन

९ मार्च १९८७ रोजी सॅक्रामेंटोत तो परतला तेव्हा वय ३८, वजन २६७ पौंड, सुमारे १२१ किलो. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी कच्चे होते आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका रास्त होती, पण गोष्ट तिथे संपत नाही. या लढतींमधून त्याने स्वतःला नव्याने घडवलं. आता तो चेहऱ्यापुढे दोन्ही हात आडवे धरी. आर्ची मूर या जुन्या विजेत्याकडून, जो फोरमनच्या तरुणपणी त्याच्या कॉर्नरमध्ये असे, ही ढाल त्याच्याकडे आली होती. घाईचे, खालून उपसून मारलेले ठोसे कमी झाले. त्यांच्या जागी आला डाव्या हाताचा सरळ, जड जॅब. फेऱ्यांच्या मध्ये तो स्टुलावर बसतही नसे, उभाच राही. ज्या माणसाचा दम आठव्या फेरीत संपला होता, त्याने श्वास जपून खर्च करायला शिकावं, हे मला त्याच्या कोणत्याही नॉकआउटपेक्षा मोठं वाटतं.

सलग २४ विजयांनंतर १९ एप्रिल १९९१ रोजी अटलांटिक सिटीत तो विश्वविजेता इव्हॅन्डर होलिफिल्डसमोर उभा राहिला. होलिफिल्ड २८ वर्षांचा, हा ४२ वर्षांचा. फोरमन गुणांवर हरला, पण १२ही फेऱ्या पुढे सरकत लढला.

लास वेगास, ५ नोव्हेंबर १९९४

समोर होता होलिफिल्डला हरवून विजेता झालेला मायकेल मूरर, २६ वर्षांचा, डावखुरा. वयामुळे एका संघटनेने या लढतीला मान्यता नाकारली, तेव्हा फोरमन न्यायालयात गेला आणि जिंकला. त्या रात्री त्याने घातली होती किंशासाचीच लाल चड्डी, आणि त्याच्या कॉर्नरमध्ये होता प्रशिक्षक अँजेलो डंडी, २० वर्षांपूर्वी अलीच्या कॉर्नरमध्ये असलेला.

नऊ फेऱ्या मूरर सरस होता. तिन्ही परीक्षकांकडे तोच पुढे: दोघांकडे ८८-८३, एकाकडे ८६-८५. फोरमन मात्र जॅब मारत राहिला, थोडं थोडं सरकत मूररला आपल्या उजव्या हातासमोर आणत राहिला. दहाव्या फेरीत एक-दोन, डावा जॅब आणि त्यामागोमाग आखूड, सरळ उजवा ठोसा हनुवटीवर. मूरर पाठीवर पडला आणि दहा मोजेपर्यंत उठला नाही. फोरमन आपल्या कॉर्नरकडे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि प्रार्थना केली. वय ४५. हेवीवेटचा त्याच्याहून वयस्क विजेता आजवर झालेला नाही.

पट्टे आणि शेवटची लढत

आव्हानवीर टोनी टकरशी लढायला नकार दिला म्हणून एक पट्टा गेला. एप्रिल १९९५ मध्ये जर्मनीच्या अॅक्सेल शुल्त्सविरुद्ध त्याला वादग्रस्त निकालाने विजय मिळाला, पुन्हा लढायला त्याने नकार दिला आणि दुसराही पट्टा गेला. याच काळात त्याच्या नावाची विजेवर चालणारी ग्रिल घराघरांत पोहोचली. तिचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले, आणि रिंगमध्ये मिळाला नसेल इतका पैसा त्याला तिने दिला.

२२ नोव्हेंबर १९९७, अटलांटिक सिटी, समोर शॅनन ब्रिग्ज. बाराही फेऱ्या संपल्या. प्रेक्षकांतल्या अनेकांना फोरमन जिंकला असं वाटत होतं. परीक्षकांनी ब्रिग्जच्या बाजूने कौल दिला. ४८ वर्षांचा फोरमन त्यानंतर पुन्हा लढला नाही.